'सिंगल्स' ऐकलं की हुरहूर का लागते? ॲलिसन मॉये, सिंथ-पॉप आणि जुन्या मशीनची गोष्ट

मॅकेरेना आठवतंय ना? ९६-९७ च्या सुमाराला लग्नाच्या हॉलपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे तेच, हात पुढे, हात खांद्यावर, हात डोक्यामागे आणि मग एक उडी. त्या गाण्यात मधेच एक बाई खळखळून हसते. गाणं स्पॅनिश, म्हणणारे दोघे पुरुष स्पेनचे, रिमिक्स अमेरिकेतलं, पण ते हसू इंग्लंडमधल्या एसेक्सच्या एका मुलीचं, १९८२ सालचं, तिच्या वेगळ्याच गाण्यातून उचललेलं. मुलगी म्हणजे ॲलिसन मॉये आणि गाणं म्हणजे याझू या जोडीचं 'सिच्युएशन'. म्हणजे हिचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकताय असं वाटत असलं तरी तिचा आवाज तुमच्या कानात बहुतेक तीसेक वर्षं पडून आहे.

मला ती भेटली माझ्या मामामुळे. मामा मर्चंट नेव्हीत, ९६ मधे सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत 'सिंगल्स' नावाची सीडी होती, मॉयेच्या हिट गाण्यांचं कलेक्शन, आदल्याच वर्षी आलेलं. आमच्याकडे सीडी प्लेअर कुठला, टू-इन-वन होता, म्हणून त्याने मित्राकडे जाऊन ९० मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणलं, आणि मग ती कॅसेट मी पार झिजेपर्यंत ऐकली. आता गंमत बघा, यातली सुरुवातीची गाणी आली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, इंग्लंड मी पाहिलेलं नाही, तिथलं ८० चं दशक माझं नाहीच, तरीपण ती पहिली सिंथची, म्हणजे सिंथेसायझर या विजेवरच्या वाद्याची, नोट लागली की मला काहीतरी मागे राहून गेल्यासारखं वाटतं. जे आपलं नव्हतंच त्याची आठवण कशी येते? हा प्रश्न मला बरीच वर्षं होता आणि त्याच्यामागे लागून जे काय समजलं ते इथे सोपं करून लिहिते.

आधी ही बाई कोण ते. १९६१ चा जन्म, वडील फ्रेंच, वाढली बॅसिल्डनमधे. बॅसिल्डन हे दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या पूर्वेला मुद्दाम वसवलेलं गाव, आपल्या नवी मुंबईसारखं, आखून काढलेलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, मग पबमधल्या बँडमधे गायची, पंक गायची, ब्लूज गायची, मित्रमंडळी तिला 'आल्फ' म्हणायची. त्याच गावातला विन्स क्लार्क, डेपेश मोड बँडची पहिली हिट गाणी ज्याने लिहिली तो, ८१ च्या शेवटी बँड सोडून मोकळा झालेला आणि त्याच्याकडे एक गाणं होतं पण गायला कोणी नव्हतं. मॉयेने मेलडी मेकर या पेपरात जाहिरात दिली होती की ब्लूज वाजवणारी माणसं पाहिजेत. फोन आला तो मात्र या सिंथवाल्याचा. गाणं होतं 'ओन्ली यू'. ८२ मधे ते ब्रिटनच्या चार्टवर दुसऱ्या नंबरला गेलं, पाठोपाठ 'डोन्ट गो' तिसऱ्या नंबरला. दोन अल्बम, जेमतेम दीड वर्ष, आणि दुसरा अल्बम बाजारात यायच्या आधी जोडी फुटलीसुद्धा. तो अल्बम पहिल्या नंबरवर गेला आणि गाणी स्टेजवर म्हणायला दोघं एकत्र नव्हते, ती वेळ आली थेट २००८ मधे.

आता मुद्द्याचं, सिंथ म्हणजे काय. पेटीत भाता आणि पत्त्या असतात, सतारीला तार, तबल्याला पुडी, म्हणजे काहीतरी थरथरतं आणि त्याचा आवाज होतो. सिंथमधे थरथरणारी वस्तूच नाही, तिथे थरथरते ती वीज. एक सर्किट विजेची लाट तयार करतं, त्याला ऑसिलेटर म्हणतात, पेटीतल्या पत्तीचं काम ते करतं. ही लाट कच्ची असते, कर्कश, डासासारखी. मग ती फिल्टरमधून जाते. फिल्टर म्हणजे काय ते कळायला लग्नाचा बँड आठवा, समोरून जाताना क्लॅरिनेट कान फाडतं आणि तोच बँड वळण घेऊन पलीकडच्या गल्लीत गेला की नुसती धम धम ऐकू येते, वरचे बारीक सूर गळून जातात. सिंथवर हे एका बटणाने होतं, सूर लागलेला असतानाच बँड गल्लीत नेता येतो आणि परत आणता येतो, सिंथचं ते 'व्वाव' करत उघडणं-मिटणं म्हणजे हेच. तिसरी गोष्ट म्हणजे सूर जन्मतो कसा आणि मरतो कसा, तबल्यावरच्या थापेसारखा फटकन उमटून विरतो की पेटीसारखा दाबून ठेवू तोवर राहतो. या तीन गोष्टी फिरवल्या की बासरीसारखं, घंटेसारखं किंवा जगात कशाहीसारखं नसलेलं काहीतरी निघतं.

क्लार्क तेव्हा वापरायचा त्यात प्रो-वन नावाचा एक छोटा सिंथ होता, ८१ मधे बाजारात आलेला, आणि तो एका वेळी एकच सूर वाजवू शकायचा. एकच! तीन पट्ट्या दाबून कॉर्ड वाजवायची सोयच नाही. मग करायचं काय, तर एक ओळ रेकॉर्ड करायची, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. 'ओन्ली यू' लक्ष देऊन ऐका, त्यात भरगच्च असं काही नाहीये, टिपटिप पडणारे एकेरी सूर आहेत आणि ते एकमेकांच्या मधल्या जागांत बरोबर बसतात, क्रोशाची वीण असते ना तसं, धागा एकेरी पण अंगावर घेतलं की ऊब येते. सूर हाताने वाजवण्याऐवजी सिक्वेन्सर नावाच्या यंत्रात आकडे टाइप करायचे, कुठला सूर, किती लांब, त्यापुढे मशीन ते न चुकता वाजवणार. आणि तरी ते पूर्ण थंड लागत नाही, कारण ही जुनी ॲनालॉग मशीनं तापली की सूर जरासा हलायचा, वाजवणाऱ्याला मधे मधे जुळवून घ्यावं लागायचं, तानपुरा उतरतो तसंच. स्टुडिओ होता लंडनमधल्या एका बंद पडलेल्या चर्चच्या इमारतीत, मालक एरिक रॅडक्लिफ, त्याच्या नावावरूनच पहिल्या अल्बमचं नाव 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स'.

आणि या बारीक, कोरड्या, हिशोबी सुरांवर येतो मॉयेचा आवाज. तो आवाज मशीनच्या बरोबर उलटा आहे, खालच्या पट्टीतला, जाड, घशातून नाही तर छातीतून येणारा, विशीतल्या मुलीचा वाटतच नाही. मशीन ठोक्यावर अचूक पडतं, ती ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळते. त्या काळातले बरेच सिंथ-पॉप गायक मशीनसारखंच गायचे, भावना न दाखवता, सरळ चेहऱ्याने, तीच फॅशन होती. हिने तसं केलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की याझूची गाणी चाळीस वर्षांनी उभी आहेत ती याच एका गोष्टीमुळे, मशीनने माणसासारखं व्हायचा प्रयत्न केला नाही आणि माणसाने मशीनसारखं.

हुरहूर कुठून येते त्याची पहिली किल्ली इथे आहे. पेटीचा आवाज १९३० च्या रेकॉर्डवर आणि काल रेकॉर्ड केलेल्या भजनात साधारण सारखाच, त्यावरून साल सांगता येत नाही. सिंथचं तसं नाही, सिंथचं मॉडेल येतं, दोन-चार वर्षं सगळे तेच घेतात, मग नवीन येतं आणि जुनं अडगळीत जातं. त्यामुळे प्रत्येक आवाजावर दुधाच्या पिशवीसारखी तारीख छापलेली असते. ८२ चा आवाज कोरडा, अंगावर कमी कपडे घातलेला. ८३ मधे यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथ आला, डिजिटल, त्याचा काचेसारखा घंटेचा आवाज पुढची चार-पाच वर्षं इंग्लिश पॉपमधे जिकडे तिकडे. त्याच वेळी ड्रमचा तो ढाऽप् आवाज, मोठा घुमारा उठतो आणि कात्रीने कापल्यासारखा एकदम बंद होतो, हाही ८० च्या दशकाचा शिक्का. आपल्याकडे वेगळं काय झालं, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आला आणि कीबोर्डला तर सगळे कॅसिओच म्हणायला लागले, आजही तो 'ढिशूं' ऐकला की मंडप, हॅलोजन आणि प्लास्टिकच्या खुर्च्या डोळ्यासमोर येतात की नाही? तेच ते.

(आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, ज्या १९८२ मधे लंडनमधे याझूचा पहिला अल्बम झाला त्याच साली मुंबईत चरणजित सिंग नावाचे सिनेसंगीतातले वादक रोलंडची नवी मशीनं घेऊन डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवत होते. ती रेकॉर्ड तेव्हा कोणी विचारली नाही आणि २०१० मधे परत निघाली तेव्हा जगभरचे डीजे थक्क झाले. शोधून ऐका.)

आता कलेक्शनकडे येऊ, कारण सुटं गाणं ऐकणं वेगळं आणि 'सिंगल्स' सलग ऐकणं वेगळं. याझू फुटल्यावर मॉये एकटी गायला लागली, ८४ चा 'आल्फ' अल्बम ब्रिटनमधे पहिल्या नंबरवर गेला. निर्माते होते टोनी स्वेन आणि स्टीव्ह जॉली, त्यामुळे 'लव्ह रेझरेक्शन', 'ऑल क्राइड आउट' मधला आवाज एकदम श्रीमंत, जाड, मखमली. 'इन्व्हिजिबल' तर मोटाउन या अमेरिकन सोल संगीताच्या कंपनीतल्या लॅमाँट डोझियरने लिहिलेलं. ८५ मधे तिने बिली हॉलिडेचं ४० च्या दशकातलं जॅझ गाणं म्हटलं, तेही दुसऱ्या नंबरवर. ८७ च्या 'रेनडान्सिंग' अल्बममधली गाणी अजून चकचकीत, अमेरिकन रेडिओला आवडतील अशी, ती तितकी माझ्या मनात बसली नाहीत. मग ९१ चा अल्बम, मग ९४ चा, सिंथ मागे गेला, गिटार आली. हे सगळं एका सीडीवर, सव्वा तासाच्या आसपास. म्हणजे होतं असं की पाठीमागचं मशीन दर तीन-चार गाण्यांनी कपडे बदलतं, खोली बदलते, उजेड बदलतो आणि मधे उभी राहून गाणारी बाई तीच. रेल्वेच्या खिडकीत बसल्यासारखं, बाहेर कर्जत गेलं, खंडाळा गेला, लोणावळा आला, आत समोरच्या बाकावर तोच माणूस. मशीन तारखेला चिकटलेलं आणि आवाज सुटा, या दोघांमधलं जे अंतर आहे ना त्याच्यातच ती हुरहूर बसलेली आहे असं मला वाटतं. सगळंच जुनं असतं तर म्युझियम झालं असतं आणि सगळंच ताजं असतं तर आठवण कशाची यायची.

धंद्याचंही सांगायला हवं. हिट गाण्यांचं कलेक्शन हा कंपन्यांचा लाडका माल, कारण रेकॉर्डिंगचा खर्च कधीच वसूल झालेला असतो, जाहिरात करायची आणि विकायचं. ९० च्या दशकात तर लोक घरातल्या एलपी-कॅसेटच्या जागी सीडी घेत होते, मग पाच अल्बम परत घेण्यापेक्षा एक कलेक्शन बरं. फक्त गायिकेची गाणी दोन वेगळ्या कंपन्यांकडे असली की परवानग्या आल्या, याझूची गाणी म्यूटकडची आणि एकटीची दुसऱ्या कंपनीकडची, ती एकत्र आली म्हणून 'सिंगल्स' पूर्ण वाटतं. ९५ च्या मधे ते ब्रिटनच्या चार्टवर पहिल्या नंबरला गेलं. ९५! म्हणजे ओएसिस आणि ब्लर या बँडचं वर्ष, सगळीकडे गिटारवाली पोरं, सिंथ म्हणजे जुनाट समजायचे दिवस. तेव्हा ही सीडी ज्यांनी घेतली ते ८२ मधे अठरा-वीसचे असतील तर आता एकतीस-तेहेतीसचे, लग्न, घराचे हप्ते, लहान पोरं.

हे वय महत्त्वाचं आहे. मानसशास्त्रात एक पक्की ठरलेली गोष्ट आहे, म्हाताऱ्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग बाकीच्यांपेक्षा उंच निघतो. कारण त्या वयात सगळं पहिल्यांदा होत असतं, पहिली नोकरी, पहिलं शहर, पहिलं प्रेम आणि पहिला नकार, आणि 'मी कोण' हे ठरत असतं, मग मेंदू ते जपून ठेवतो. त्या वेळी जे गाणं वाजत होतं तेही त्याच गाठोड्यात बांधलं जातं. पुढे गाणं कानावर पडलं की अख्खं गाठोडं सुटतं, नुसतं गाणं बाहेर येत नाही, तो वास, ती खोली, तो माणूस सगळं येतं. आणि किती पटकन! अमेरिकेत कॅरल क्रुमहान्सल नावाच्या संशोधिकेने लोकांना अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी लांबीचे गाण्याचे तुकडे ऐकवले तर साधारण चारातल्या एका वेळी लोकांनी गाणं आणि गायक दोन्ही ओळखलं, आणि गाणं नाही ओळखलं तरी दशकाचा अंदाज यायचा. अर्ध्या सेकंदात चाल कुठे कळते? कळतो तो नुसता आवाजाचा पोत. म्हणजे तारीख चालीवर नाही, पोतावर छापलेली असते, आणि सिंथचा पोत तर सगळ्यात ठळक छापाचा.

याचा उलटा पुरावा म्हणजे 'ओन्ली यू'च. ८३ च्या ख्रिसमसला फ्लाइंग पिकेट्स नावाच्या गटाने ते गाणं एकही वाद्य न घेता नुसत्या तोंडाने म्हटलं आणि ते पहिल्या नंबरवर गेलं, मूळ गाण्याच्याही वर. म्हणजे चाल मशीनशिवाय उभी राहते यात शंका नाही, गाणं म्हणून ते सुंदरच आहे. पण २००३ मधे ब्रिटनच्या 'द ऑफिस' मालिकेच्या ख्रिसमसच्या भागात दोन माणसं इतक्या वर्षांनी शेवटी एकत्र येतात तिथे त्यांनी कुठलं वाजवलं, तर याझूचंच, टिपटिप सिंथवालं.

बरं, पण माझं काय, माझा तर तेव्हा जन्म नव्हता. त्याचंही उत्तर त्याच क्रुमहान्सल बाईंच्या दुसऱ्या एका अभ्यासात मिळालं. विशीतल्या मुलांना वेगवेगळ्या सालची गाणी ऐकवली तर स्वतःच्या काळातल्या गाण्यांसोबत आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं घट्ट निघालं, कारण लहानपणी घरात तीच वाजत असतात आणि ती लावताना मोठ्यांचा चेहरा कसा होतो ते पोरं बघत असतात. हे वाचलं आणि मला एकदम कॅसेट आठवली. मी इंग्लंडची आठवण काढत नव्हतेच. मी मामाची आठवण काढत होते, खिडकीत बसून सिगरेट ओढत 'ऑल क्राइड आउट' लागलं की बोलायचं थांबणाऱ्या मामाची.

नॉस्टॅल्जिया हा शब्दही मुळात असाच, घर सोडून लांब गेलेल्यांचा. १६८८ मधे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो बनवला, परमुलुखात राहून घराच्या ओढीने खरोखर आजारी पडणाऱ्या स्विस माणसांसाठी, घरी परतणं आणि वेदना असे दोन ग्रीक शब्द जोडून. तेव्हा तो रोग मानायचे, औषध एकच, घरी पाठवा. आता मानसशास्त्रवाले उलट सांगतात, जुन्याची आठवण काढून माणूस सावरतो, एकटं वाटणं कमी होतं.

मॉये स्वतः मात्र या बाबतीत अजिबात हळवी नाही. घर बदलताना तिने आपल्या गोल्ड डिस्क, म्हणजे रेकॉर्ड खूप खपल्याबद्दल मिळालेल्या सोनेरी तबकड्या, फोडून टाकल्या, हे तिनेच मुलाखतीत सांगितलंय. साठीच्या आसपास ती ब्रायटनच्या युनिव्हर्सिटीत प्रिंटमेकिंग शिकायला बसली आणि २०२३ मधे पहिल्या वर्गात डिग्री घेतली. आणि २०२४ मधे, एकटीने गायला लागून ४० वर्षं झाली म्हणून, तिने 'की' नावाचा अल्बम काढला, त्यात जुनी १६ गाणी नव्याने गायलेली आणि दोन कोरी. जुनी रेकॉर्डिंग परत विकणं सोपं होतं, तिने ते केलं नाही, ६३ व्या वर्षी 'ऑल क्राइड आउट', 'लव्ह रेझरेक्शन', 'धिस हाउस' परत म्हटली, साथीला आजची मशीनं. पहिल्यांदा ऐकताना मला चुकल्यासारखं झालं, पोत वेगळा म्हणून गाठोडं सुटेचना. दोन-तीनदा ऐकल्यावर मग शब्द ऐकू यायला लागले, जे जुन्यात पोतामुळे कधी नीट ऐकलेच नव्हते, आणि आवाज आता अजून खाली उतरलाय, अजून सावकाश.

मामा मॉयेपेक्षा एका वर्षाने लहान. रिटायर होऊन आता रत्नागिरीला असतो. गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा त्याला नवीन 'ऑल क्राइड आउट' मोबाईलवर लावून दिलं. पूर्ण ऐकलं, काही बोलला नाही, मग म्हणाला आता जुनं लाव. जुनं लागलं आणि त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं की हे गाणं त्याने ८४ च्या थंडीत टिलबरीला ऐकलं होतं, जहाज गोदीत होतं, मेसमधे रेडिओ चालू होता, तो बावीस वर्षांचा होता आणि त्याच दिवशी घरून पत्र आलं होतं. पत्रात काय होतं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टिलबरी एसेक्समधेच आहे, बॅसिल्डनपासून जवळ, हे मी त्याला नकाशात दाखवलं तर तो बराच वेळ दोन बोटांनी नकाशा मोठा करून बघत बसला. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीतून आवाज आला म्हणून गेले तर मोबाईल कठड्यावर ठेवलेला होता आणि नवीन वालं लागलं होतं.